जुन्या ऑफिसचा ‘नो’

पेपर टाकलात, केक कापलात, लॅपटॉप परत केलात, ग्रुपवर ‘कीप इन टच’ लिहून बाहेरही पडलात. पण तुमच्याबद्दलचा एक शब्द अजून जुन्या कंपनीच्या खिशात आहे. तो शब्द चुकीचा निघाला तर कोण भरून देणार?

‘एलिजिबल फॉर रीहायर?’ प्रश्न एवढाच असतो. पुढे दोन चौकोन. यस आणि नो.

मी पुण्यात एचआरमध्ये आहे. आधी हिंजवडी, आता खराडी, मिळून नऊ वर्षं. या काळात असे किती चौकोन टिक केले याची मोजदाद नाही. व्हेरिफिकेशन एजन्सीची मेल येते, सोबत शीट. एम्प्लॉयी कोड, जॉइनिंगची तारीख, शेवटचा दिवस, डेसिग्नेशन, शेवटचा सीटीसी, सोडण्याचं कारण, एक्झिट फॉर्मॅलिटीज पूर्ण आहेत का, इंटिग्रिटीचा काही इश्यू होता का, आणि सगळ्यात शेवटी हा रीहायरचा रकाना. वरचे बहुतेक रकाने सिस्टीममधून उचलता येतात. शेवटचा मात्र माणूस भरतो. बऱ्याचदा मॅनेजरला विचारून, आणि मॅनेजर त्या वेळी कुठल्यातरी कॉलवर असतो. ‘अरे तो ना? नो टाक.’ झालं. दहा सेकंदांचं काम.

समोरच्या बाजूला या दहा सेकंदांचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. माझी एक मैत्रीण टेस्टिंगमध्ये लीड होती. दुसरीकडे छान ऑफर आली, तिने राजीनामा दिला, अख्खा नोटीस पिरियड काढला, रिलीव्हिंग लेटर घेतलं. जॉइनिंगच्या आठवडाभर आधी नव्या कंपनीचा फोन, ‘तुमच्या रिपोर्टमध्ये डिस्क्रिपन्सी आहे, आम्ही ऑफर होल्डवर ठेवतोय.’ चार दिवसांनी होल्डचं विथड्रॉ झालं. कारण कोणी सांगेना. एजन्सीमागे लागून लागून एक ओळ हाती आली. नॉट रीहायरेबल, बिहेविअरल इश्यूज.

बिहेविअरल! सहा वर्षांत एक वॉर्निंग लेटर नाही, एक मेमो नाही, उलट दोनदा बेस्ट परफॉर्मर. झालं होतं एवढंच की नोटीस पिरियडमध्ये तिने दोन वीकेंडना यायला नकार दिला होता आणि मॅनेजरशी वाजलं होतं. तिने सगळी अप्रेझल लेटर्स जोडून जुन्या कंपनीला मेल टाकली, वर तीनदा फॉलोअप केला. तीन आठवड्यांनी त्यांनी रिमार्क बदलला. ‘इनॅडव्हर्टंट एरर’ असं लिहून. तोपर्यंत ती जागा भरली होती. मध्ये चार महिने बाणेरच्या फ्लॅटचा हप्ता तिच्या वडिलांनी भरला आणि नंतर मिळालेली नोकरी आधीच्यापेक्षा कमी पगाराची.

तेव्हा तिने मला विचारलेला प्रश्न साधा होता. यांच्यावर केस करता येते का?

<b>लंडनमधला स्प्रिंग</b>

या प्रश्नाचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उत्तर १९९४च्या जुलैमध्ये लंडनमध्ये मिळालं. ग्रॅहॅम स्प्रिंग नावाचा माणूस. विमा विकायचा. तो ज्या कंपनीसाठी काम करायचा ती गार्डियन ॲश्युरन्सने विकत घेतली, नवे साहेब आले आणि १९८९मध्ये स्प्रिंगला घरी पाठवण्यात आलं. टेकओव्हर झाल्यावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्याने ठरवलं, आपणच स्कॉटिश ॲमिकेबल या दुसऱ्या कंपनीच्या पॉलिसी विकू. तिकडच्या विमा व्यवसायाच्या नियमांनुसार नव्या कंपनीला जुन्या कंपनीकडून रेफरन्स मागवणं भाग होतं, आणि जुनीला तो देणंही.

रेफरन्स गेला. त्यात लिहिलं होतं की या माणसात सचोटी जवळपास नाहीच आणि त्याला प्रामाणिक म्हणता येणार नाही. चांगली गिऱ्हाइकं स्वतःकडे ठेवतो, टीमकडे लक्ष देत नाही, हेही. खालच्या कोर्टातल्या जजनेच त्याला ‘मृत्यूचं चुंबन’ म्हटलं. स्कॉटिश ॲमिकेबलने नकार दिला. आणखी दोन कंपन्यांनीही दिला. म्हणजे एका कागदावर माणसाचा धंदाच बंद.

आता गंमत बघा. कोर्टात निघालं काय, तर स्प्रिंग कामात थोडा कच्चा असेल, पण अप्रामाणिक नव्हता. आणि ज्याने रेफरन्स लिहिला त्याच्या मनातही खुन्नस नव्हती. त्याने दुसऱ्यांकडून ऐकलं, खरं मानलं, लिहून टाकलं. कुणी तपासलंच नाही. इथेच अडचण होती. इंग्लंडच्या कायद्यात रेफरन्स देणाऱ्याला बदनामीच्या दाव्यापासून संरक्षण होतं. त्याने मुद्दाम, द्वेषाने लिहिलं हे सिद्ध केलंत तरच काही होणार. निष्काळजीपणाने लिहिलं असेल तर? मग काही नाही, घरी जा. मधल्या कोर्टाने नेमकं हेच म्हटलं आणि स्प्रिंग हरला.

हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल फिरवला. पाचातले चार न्यायाधीश स्प्रिंगच्या बाजूने. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. नोकरी करणारा माणूस रेफरन्सच्या बाबतीत पूर्णपणे मालकाच्या हातात असतो, रेफरन्स वाईट गेला तर त्याचं पोट मारलं जातं हे मालकाला माहीत असतं, त्यामुळे लिहिताना वाजवी काळजी घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे. खुन्नस सिद्ध करायची गरज नाही. हलगर्जीपणा पुरे. विरोधात असलेले पाचवे लॉर्ड कीथ. त्यांना भीती वाटत होती की असं झालं तर लोक मोकळेपणाने रेफरन्स देणारच नाहीत. ही भीती किती खरी ठरली ते पुढे येईलच.

स्प्रिंगनंतर बाकीच्या केसेसनी रेघा आणखी ठळक केल्या. बार्थोलोम्यू विरुद्ध हॅकनी ही १९९९ची केस. एकावर चौकशी चालू होती, त्याने ती संपायच्या आत नोकरी सोडली. कौन्सिलने रेफरन्समध्ये हे जसंच्या तसं लिहिलं आणि त्याची पुढची नोकरी गेली. तो कोर्टात गेला आणि हरला. रेफरन्स खरा, अचूक आणि एकूणात न्याय्य हवा, सगळं पुराण सांगणारा असायची गरज नाही, असं कोर्ट म्हणालं. दोन वर्षांनी कॉक्स विरुद्ध सन अलायन्स. इथे आरोपांची चौकशी अर्धवट सोडून, तडजोड करून माणसाला बाहेर काढलं होतं, आणि नंतर सांगितलं की हा अप्रामाणिकपणाबद्दल गेलाच असता. कंपनी हरली. जे तपासलंच नाही ते ठासून सांगायचं नाही.

माझ्या मते आपल्या प्रत्येक एचआरवाल्याच्या टेबलावर ही ओळ चिकटवायला हवी. ‘हिअर-से आहे, पण सगळ्यांना माहितीये’ हे वाक्य मी मीटिंगमध्ये किती वेळा ऐकलंय!

<b>गोड बोलून गळा</b>

आतापर्यंत वाईट रेफरन्सची गोष्ट झाली. पण खोटा चांगला रेफरन्स? तो तर सगळेच देतात. नको असलेला माणूस स्वतःहून जातोय, तर ‘एक्सलंट टीम प्लेयर’ लिहून मोकळं व्हायचं, ब्याद टळली. हे सॉफ्टवेअरमध्ये झालं तर फार तर दुसऱ्या कंपनीचा रिलीज लटकेल. पण ऑपरेशन थिएटरमध्ये झालं तर?

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातली गोष्ट. एक भूलतज्ज्ञ डॉक्टर लेकव्ह्यू नावाच्या हॉस्पिटलमध्ये काम करायचा. तिथल्या भूलतज्ज्ञांची स्वतःची एक फर्म होती, तो तिचा पार्टनर. त्याच्या हाताखालून जाणाऱ्या डेमेरॉलचा, म्हणजे आपल्याकडच्या पेथिडिनचा, हिशेब लागेना. मार्च २००१मध्ये तो ड्यूटीवर असताना पेजरला उत्तर देईना, शोधलं तर खुर्चीत गुंगीत सापडला. फर्मने त्याला काढलं. काढल्याच्या पत्रात कारणही स्पष्ट होतं, काम करण्याच्या अवस्थेत नसताना तू कामावर आलास.

त्यानंतर दोन महिने आणि थोडे दिवस झाले असतील, त्याच फर्मच्या दोन डॉक्टरांनी त्याच्यासाठी शिफारसपत्रं दिली. उत्तम भूलतज्ज्ञ आहे, जोरदार शिफारस करतो, अशा थाटाची. ती पत्रं पोचली देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कॅडलेक मेडिकल सेंटरमध्ये. कॅडलेकने लेकव्ह्यू हॉस्पिटललाही फॉर्म पाठवला होता. त्यात थेट प्रश्न होते, या डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, त्याला काही व्यसन वा आजार आहे का. हॉस्पिटलने फॉर्म भरलाच नाही. चौकशा फार येतात म्हणून एवढीच माहिती देतो, असं सांगून फक्त तारखा कळवल्या. तेवढ्या काळात असे चौदा फॉर्म आले होते, तेरांना नीट उत्तरं गेली होती. फक्त या डॉक्टरच्या वेळीच हात आखडता घेतला गेला.

नोव्हेंबर २००२. कॅडलेकमध्ये एक तरुण बाई कुटुंबनियोजनाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आली. भूल देणारा हाच डॉक्टर. तिच्या मेंदूला कायमची इजा झाली, ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही.

कॅडलेकने तिच्या कुटुंबाशी ७५ लाख डॉलरला तडजोड केली आणि मग मोर्चा वळवला पत्रं लिहिणाऱ्यांकडे. तुम्ही खरं सांगितलं असतं तर आम्ही याला आत घेतलंच नसतं! २००६मध्ये ज्युरीने कॅडलेकच्या बाजूने ८२ लाखांहून जास्त डॉलरची भरपाई ठरवली. मे २००८मध्ये वरच्या कोर्टाने मात्र दोघांना वेगळं केलं. स्तुती करणारे डॉक्टर आणि त्यांची फर्म जबाबदार, कारण अर्धसत्य सांगून त्यांनी दिशाभूल केली. भरपाईचा आकडा पुन्हा ठरवायचा होता, पण जबाबदारी कायम. आणि तारखाच कळवणारं हॉस्पिटल? ते सुटलं. गप्प राहणं म्हणजे दिशाभूल नाही. बोलायला लागलात तर मात्र पूर्ण बोला.

हा निकाल वाचून मला बराच वेळ राग येत राहिला. चौदातल्या एकाच फॉर्मवर गप्प बसणं हा योगायोग नसतो, हे आमच्या धंद्यातला कोणीही सांगेल. पण कोर्टाचं लॉजिकही समजतं. बोलायची सक्तीच केली तर गावातल्या छोट्या क्लिनिकपासून सगळ्यांना प्रत्येक संशय लिहीत बसावं लागेल.

त्याआधी, १९९७मध्ये, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांबाबत असाच निकाल दिला होता. एका माणसाबद्दल मुलींशी गैरवर्तनाच्या तक्रारी होत्या. त्याच्या आधीच्या शाळांच्या अधिकाऱ्यांनी त्याला भरभरून शिफारसपत्रं दिली, तो दुसऱ्या शाळेत व्हाइस प्रिन्सिपल झाला आणि तिथल्या तेरा वर्षांच्या मुलीने त्याच्यावर अत्याचाराचा आरोप केला. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल हे दिसत असताना दिशाभूल करणारी स्तुती केलीत तर त्या तिसऱ्या माणसालाही तुम्ही उत्तर देणं लागता, असं कोर्ट म्हणालं.

<b>जर्मन कोडवर्ड</b>

थोडं हलकं घेऊ. तुमच्या ओळखीतलं कोणी ना कोणी स्टुटगार्टला किंवा म्युनिकला असेलच. त्यांना विचारा ‘आर्बाइट्सझॉयग्निस’ काय असतं. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला लेखी प्रशस्तिपत्र मिळणं हा कायदेशीर हक्क आहे. ते खरं हवं आणि त्याच वेळी सद्भावनेने लिहिलेलं हवं. आता खरं आणि गोड एकत्र कसं बसवायचं? त्यातून एक अख्खी गुप्त भाषा जन्माला आली. ‘सदैव आमच्या परिपूर्ण समाधानासाठी’ काम केलं म्हणजे एक नंबर. ‘आमच्या समाधानासाठी’ एवढंच असेल तर काठावर पास. ‘त्यांनी प्रयत्न केले’ म्हणजे नापास, बिचाऱ्याने प्रयत्नच केले. ‘मिळून मिसळून वागायचे’ याचा अर्थ ऑफिसात दारूचा वास यायचा असा लावला जातो. कायदा म्हणतो असे छुपे इशारे चालणार नाहीत. तरीही एका शब्दासाठी लोक कोर्टात जातात. २०१४मध्ये तर तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाला ठरवावं लागलं की ‘पूर्ण समाधान’ म्हणजे सरासरी ग्रेड, त्याहून वरची हवी तर कर्मचाऱ्याने आपलं काम सिद्ध करावं.

आपल्या ‘वी विश हर ऑल द बेस्ट’मध्येही कोड असतो बरं का. ‘हर कंडक्ट वॉज गुड’ ही ओळ असलेलं एक्सपीरियन्स लेटर आणि ती गायब असलेलं लेटर, आम्ही दोन्ही वेगळी वाचतो.

<b>आणि आपण?</b>

आपल्याकडे फक्त रेफरन्ससाठी असा वेगळा कायदा नाही. २००५मध्ये पुण्यातल्या एका बीपीओत अमेरिकन बँकेच्या ग्राहकांचे पैसे वळवल्याचं प्रकरण निघालं. तेव्हापासून व्हेरिफिकेशनची हवा झाली, पुढच्याच वर्षी नॅसकॉमने आयटीवाल्यांसाठी नॅशनल स्किल्स रजिस्ट्री सुरू केली. आता तर यूएएनवरून पीएफच्या तारखाही जुळवून बघतात. म्हणजे तुमच्यावर नजर ठेवायची यंत्रणा तयार झाली. चुकीचं सांगणाऱ्याला जाब विचारायची मात्र जुन्याच कायद्यात शोधावी लागते.

तो जुना कायदा म्हणजे बदनामी. १८६०च्या दंडसंहितेचं कलम ४९९, जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा नव्या संहितेप्रमाणे समाजसेवा. या कलमातलं पहिलंच उदाहरण मला भारी आवडतं. एक जण म्हणतो, अमुक माणूस प्रामाणिक आहे, त्याने तमक्याचं घड्याळ मुळीच चोरलेलं नाही. आणि म्हणतो अशा बेताने की ऐकणाऱ्याला वाटावं, चोरलंच असणार. ही बदनामीच! दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यांना आमचं एचआर पुरतं ठाऊक होतं म्हणायचं.

पण कलमाला अपवाद आहेत, आणि नववा अपवाद आमची छत्री. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितासाठी, सद्भावनेने केलेलं विधान बदनामी ठरत नाही. नव्या मालकाला सावध करणं या छत्रीखाली बसू शकतं. मात्र कायद्यातल्या ‘सद्भावने’ची व्याख्या नीट वाचा. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असं म्हणता येत नाही. म्हणजे न तपासता कॉलवर ‘नो टाक’ म्हणणाऱ्या मॅनेजरची छत्री फाटकी आहे. लंडनच्या लॉर्ड्सनी वेगळ्या वाटेने जे गाठलं, त्याच्या बरंच जवळ आपणही जाऊ शकतो.

फौजदारी वाट म्हणजे पोलिस चौकीत एफआयआर नव्हे, मॅजिस्ट्रेटपुढे स्वतः तक्रार करावी लागते. भरपाई हवी असेल तर दिवाणी दावा, आणि तिथे घड्याळ फार जोरात पळतं. लेखी बदनामीच्या भरपाईच्या दाव्याला मुदत एकच वर्ष, तेही मजकूर दुसऱ्यापर्यंत पोचल्यापासून, तुम्हाला कळल्यापासून नव्हे. माझ्या मैत्रिणीने वकिलाला भेटून अखेर दावा केला नाही. नवी नोकरी, नवं प्रोबेशन, त्यात कोर्टाच्या तारखा कोण सांभाळणार? तिचा निर्णय मला पटतो, आणि त्या मॅनेजरला कधीच काही कळलं नाही याची चीडही येते.

लॉर्ड कीथची भीती मात्र खरी ठरली. आज मोठ्या कंपन्यांची पॉलिसी एकच, तारखा आणि डेसिग्नेशन, बास. लंडनच्या बँकिंगमध्ये उलट सक्ती आहे, २०१७पासून ठरावीक पदांसाठी मागच्या सहा वर्षांचा रेफरन्स द्यावाच लागतो. बाकी सगळे मूग गिळून. आणि मग खरी चौकशी कुठे होते? तुमच्या नव्या बॉसचा जुना रूममेट तुमच्या जुन्या फ्लोअरवर असतो. रात्री साडेनऊला फोन, ‘अरे, कशी आहे रे ती?’ ना मेल, ना शीट, ना नाव. हा रेफरन्स कुठल्याच कायद्याच्या हाताला सहज लागत नाही, आणि तोच सगळ्यात जास्त मानला जातो.

म्हणून नोकरी सोडताना मी माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला पिडते. एक्झिट इंटरव्ह्यूच्या दिवशीच एचआरला मेलवर विचारा, ‘माझं रीहायर स्टेटस काय नोंदलं आहे?’ तोंडी नको. अप्रेझल लेटर्स, अवॉर्डची मेल, रिलीव्हिंग आणि एक्सपीरियन्स लेटर स्वतःच्या मेलवर घ्या, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला तुमचा ॲक्सेस जातो. क्लायंटचा डेटा चुकूनही नाही, नाहीतर इंटिग्रिटीचा रकाना आम्हालाच भरावा लागेल. नव्या कंपनीचा व्हेरिफिकेशनचा फॉर्म सही करण्याआधी वाचा, बऱ्याच फॉर्मांत ‘माहिती देणाऱ्याला मी जबाबदार धरणार नाही’ अशी ओळ शेवटी असते. ती खोडता येतेच असं नाही, पण सही करतोय कशावर ते कळलेलं बरं. आणि रिपोर्ट अंबर किंवा रेड आला तर फोनवर रडू-भांडू नका. नक्की काय नोंदलं आहे ते लेखी मागा, त्याच दिवशी जुन्या कंपनीला कागद जोडून दुरुस्तीची मेल टाका आणि नव्या कंपनीला सीसी करा. तारखेसकट मेल असली की आमच्यातला सगळ्यात आळशी माणूसही हलतो, कारण पुढचा प्रश्न लीगल टीमचा असेल हे त्याला कळतं.

आमच्याकडे या वर्षीपासून एक छोटा बदल केलाय. रीहायरला ‘नो’ टाकायचं असेल तर मॅनेजरने कारण आणि त्याचा कागद, दोन्ही जोडायचे. नसेल कागद, तर सिस्टीम पुढे जात नाही. पहिल्या महिन्यात तीन मॅनेजर माझ्याशी भांडले. दोघांना कागद सापडला नाही. तिसऱ्याला सापडला, आणि तो ‘नो’ बरोबर होता.